वस्तादांचे वडील

मूल जन्मलं की सगळं जग विचारतं, मुलगा की मुलगी? धोंडी पैलवान विचारायचा, "किती भरलं?"

निपाणीच्या ज्या प्रसूतिगृहात मी कंपौंडर होतो, त्याच्या पायरीवर हा सहा फुटी माणूस दिवसातून तीन-चारदा उभा असे. आत जाऊन आलेल्या कुणालाही अडवून तो वजन विचारी. सात पौंड म्हटलं की डोळे बारीक करून थोडा विचार करी आणि जाहीर करी, "मग काल वखारीतल्या बाईला झालंय त्येची नि ह्येची जोड. नेमली कुस्ती!" कुस्ती वीस वर्षांनी व्हायची होती, पण पैलवानाला घाई नव्हती.

एका तंबाखूच्या व्यापाऱ्याला नवसासायासानं मुलगा झाला. पेढे वाटत शेटजी पायरीपाशी आले, तर पैलवानानं त्यांना सांगितलं की त्यांच्या चिरंजीवांची जोड त्यांच्याच वखारीत तंबाखू निवडणाऱ्या बाईच्या पोराशी ठरली आहे. "तुमचं जरा अंगानं कमी हाय शेटजी, पर खुराक ठेवला तर टिकंल." शेटजी तरातरा डॉक्टरीणबाईंकडे तक्रार घेऊन गेले. डॉक्टरीणबाईंनी पैलवानाची समजूत घालायचं काम माझ्यावर ढकललं. बाटल्यांवर मात्रेच्या कागदी पट्ट्या चिकटवणाऱ्या माणसाकडे असली कामं आपोआप येतात. माझं सगळं बोलणं ऐकून घेऊन पैलवान उदारपणे म्हणाला, "बरं, मग बरोबरीत सोडवू या."

आता हा गडी प्रसूतिगृहाच्या दारात काय करत होता, ते सांगायला हवं. आमच्याकडची एकुलती एक शिकलेली नर्स अनसूयाबाई ही त्याची बायको. त्यांना मुलगी झाली आणि तीन महिन्यांत बाई कामावर परत आल्या, कारण त्यांच्यावाचून डॉक्टरीणबाईंचं पान हलत नव्हतं. मुलगी सांभाळायला घरात दुसरं बाईमाणूस नाही. तेव्हा ती पैलवानानं सांभाळली. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या त्या काळात बाप मूल कडेवर घेऊन बाजारातून जातो, हे बघायला निपाणीची माणसं दुकानाबाहेर येत. पैलवानाला वाटे, आपल्याला बघायला येतात. तो त्यांना नमस्कार करी.

मुलीचं बारशातलं नाव काय होतं कुणास ठाऊक. पैलवान तिला 'वस्ताद' म्हणे, आणि तेही अहो-जाहो करून. "वस्ताद आज लई तापल्यात." "वस्तादांनी दूध टाकलं." तालमीतल्या खऱ्या म्हाताऱ्या वस्तादांनी याचा राग धरला होता.

दूध पाजायची वेळ झाली की तो पोरीला घेऊन पायरीशी हजर. पुरुषांना आत मज्जाव. पहिल्या दिवशी त्यानं तिथूनच आरोळी ठोकली, "नर्सबाई! वस्ताद भुकेल्यात!" वॉर्डातल्या बाळंतिणी टाके दुखेपर्यंत हसल्या. डॉक्टरीणबाईंनी ताकीद दिली, इथं ओरडायचं नाही. दुसऱ्या दिवसापासून तो ओरडला नाही. मांडीवर शड्डू ठोकू लागला. दगडी इमारतीत तो आवाज असा घुमे की माझ्या कपाटातल्या बाटल्या एकमेकींना लागत. एकदा एक बाई पहाटेपासून अडून बसली होती. ऐन वेळी बाहेर शड्डू वाजला, बाई दचकली आणि मोकळी झाली. त्यानंतर आठवडाभर पैलवान स्वतःला आमच्या खात्यातला माणूस समजत होता.

तालमीत मात्र त्याचं हे खातं चालेना. तिथं मारुती, मारुती ब्रह्मचारी, आणि तालमीत बाईमाणसाची सावली चालत नाही. सहा महिन्यांची पोर बाईमाणूस होते की नाही, यावर तालमीत तीन संध्याकाळी खल झाला. अखेर म्हाताऱ्या वस्तादांनी निकाल दिला, "धोंड्या, एक तर पोर भाईर ठेव, न्हायतर तू भाईर ऱ्हा." तो बाहेर राहिला. प्रसूतिगृहाच्या मागच्या अंगणात, वाळत घातलेल्या दुपट्यांच्या रांगेत, पोरीला छातीशी धरून बैठका मारू लागला. पोर प्रत्येक बैठकीला खिदळे. घाम गाळत तो म्हणे, "वस्ताद, असं हसाय लागला तर दम टिकंल का माझा?"

हे सगळ्यांना गमतीचं होतं, अनसूयाबाईंना नव्हतं. गावाकडचे दीर येऊन टोमणे मारून जात, की वहिनींनी पैलवानाची आया केली. तालीम सुटल्याचं कळलं तेव्हा बाई माझ्यादेखत नवऱ्याला म्हणाल्या, "तालीम गेली ते गेलं. पर माज्या नोकरीपायी तुमची एक जरी कुस्ती चुकली, तर त्याच दिवशी नोकरी सोडून घरात बसनार. सांगून ठेवते." त्या बोलल्या तसं करणाऱ्या होत्या. पैलवानाच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच भीती पाहिली.

आणि कुस्ती तर नेमली गेलीच होती. कोगनोळीच्या जत्रेत, कागलकडच्या एका उमद्या गड्याशी. पैलवानानं तिशी ओलांडलेली. ही मारली तर अजून दोन-तीन वर्षं नाव राहील, नाही तर पुन्हा कुणी विचारणार नाही, हे तोही जाणून होता. बाईंनी त्या दिवसाची रजा घेतली होती. सकाळी पोटात पायाळू मूल असलेली एक बाई बैलगाडीतून येऊन पडली आणि रजा संपली. माझी बायको सहाव्या खेपेला माहेरी गेलेली. तेव्हा पाच मुलांचा बाप म्हणून पोर सांभाळण्याचा अनुभवी इसम मी ठरलो. ती पाच मुलं माझ्या हातात कधी आली तर दुसऱ्याच्या हातात देण्यापुरतीच, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. बाईंनी दुधाची बाटली, बोंडलं आणि चार दुपटी माझ्या स्वाधीन केली आणि आत पळाल्या.

मैदानात तोबा गर्दी. हलगी कडाडत होती, पण पोरीला हलगीचं काही वाटलं नाही. पैलवानानं तिला माझ्या हातात दिलं, मैदानात उतरून माती कपाळाला लावली, समोरच्याशी सलामी झाली, आणि तोपर्यंत गप्प राहून माझा चेहरा न्याहाळणाऱ्या वस्तादांचं माझ्याविषयीचं मत पक्कं झालं. त्यांनी जो सूर लावला, तो हलगीच्या वर गेला. मी बोंडलं पुढं केलं, ते तिनं उडवलं. मी टाळ्या वाजवल्या, माकडासारखी तोंडं केली. ती रडून रडून लालभडक झाली, मग श्वासच विसरल्यासारखी आ वासून राहिली.

पैलवान आखाड्याच्या मधोमध थांबला होता. समोरचा गडी हात पुढं करून वाट बघत होता. पंच ओरडले, "धोंडीराम, सलामी झालीया. आता भाईर पाय टाकलास तर हार धरू!"

त्यानं पंचांकडे पाहिलं, त्या गड्याकडे पाहिलं, आणि सरळ चालत माझ्याकडे आला. "आलो न्हवं, वस्ताद," एवढंच म्हणून त्यानं पोर उचलली. तिनं त्याची मिशी मुठीत धरली आणि हुंदके देत शांत झाली. लोकांनी शिट्ट्या मारल्या. कुणी तरी ओरडलं, "अरं, बाळंतिणीला वाट द्या!" मला त्या मैदानातल्या प्रत्येकाचा राग आला. सर्वांत जास्त माझा.

उन्हं कलेपर्यंत तो अंगात सदरा अडकवून एका बाभळीखाली पोरीला मांडीवर घेऊन बसून राहिला. मैदान रिकामं झालं, पोर झोपली. मग त्यानं ती अलगद माझ्या हातावर ठेवली, सदरा काढला, आखाड्यात गेला आणि मातीवर उताणा पडून पाठ घासू लागला. माझी खात्री झाली की याच्या डोक्यावर परिणाम झाला.

"पैलवान, हे काय?"

"पाठीला माती लागल्याबगार हारलो असं कोन म्हनंल?" तो पडल्यापडल्या म्हणाला. "घरी सांगनार हाय, लढलो नि पडलो. कुस्ती सोडली म्हनून कळलं तर ती नोकरी सोडंल. मग ह्या अडलेल्या बाया कुनाकडं जातील हो?" त्यानं मूठभर माती उचलली आणि परत सोडून दिली. "पर मारली असती बगा, कंपौंडर. डाव बी ठरीवला हुता. लई वाटत हुतं मला." असं म्हणून त्यानं तोंड फिरवलं. मीही पोरीचं दुपटं उगाच नीट करत बसलो.

परत आलो तेव्हा दिवे लागले होते. पायाळूचं सुखरूप झालं होतं. बाई दमून पायरीवर टेकल्या होत्या. आम्हाला बघून उठल्या.

"काय झालं?"

"पडलो," पैलवान म्हणाला, आणि पुरावा म्हणून सदरा काढून पाठ फिरवून दाखवली.

बाईंनी कंदील वर धरला. पाठ मातीनं भरलेली होती. मग त्यांनी त्याला आपल्याकडे वळवलं. छातीवर, कोपरांवर, गुडघ्यांवर मातीचा डाग नव्हता. रोज माणसांची अंगं तपासणाऱ्या त्या बाईला काय दिसलं असेल, ते मला कळत होतं. पैलवानाला कळत नव्हतं.

"लई दांडगा गडी असनार," बाई म्हणाल्या.

"लई! उचलून सरळ आपटलं बगा. काय कळूच दिलं न्हाय."

बाईंनी बंबातलं गरम पाणी आणलं, त्याला पायरीवर बसवलं आणि पाठीमागे बसून माती धुवू लागल्या. त्याला त्यांचं तोंड दिसत नव्हतं. मला दिसत होतं. त्या आवाज न करता रडत होत्या, आणि हात मात्र पाठीवरून एकसारखा फिरत होता.

"वस्ताद रडल्या का?" त्यांनी विचारलं.

"छ्या! कंपौंडरांजवळ गप बसून कुस्ती बगितली."

"बरं," बाई म्हणाल्या. "उद्या माजी सकाळपाळी हाय. लवकर उठवा मला."