भाजीच्या कप्प्यातला पुरावा

लेक दूध पितापिता मांडीवरच झोपली, एक हात तिच्याखाली अडकला आणि रिमोट नेमका मोकळ्या हाताशी आला. म्हटलं, एकच भाग बघू. (एकच भाग बघून टीव्ही बंद करणारी बाई मला दाखवा, मी तिचा सत्कार करीन.)

त्या मालिकेत पोलीस अधिकारी चिमट्यात एक केस धरतो, पांढऱ्या कोटातली बाई तो यंत्रात घालते, हिरव्या रेघा धावतात, ढॅण करून संगीत वाजतं आणि पुढची जाहिरात लागायच्या आत कळतं, की दवाखान्यात बाळं बदलली होती! मी जीवशास्त्राची पदवीधर. डीएनए असा चुटकीसरशी बोलत नाही, हे मला पक्कं ठाऊक. तरी माझी नजर लेकीच्या कानांकडे गेलीच.

कपाला असतो तसे बाहेर आलेले कान. नवऱ्याचे कान डोक्याला चिकटलेले, सासूबाईंचे नाजूक, नणंदेचे त्याहून नाजूक. आणि जन्मल्याबरोबर नर्स हिला वजन करायला म्हणून घेऊन गेली होती, ती केवढा वेळ! बदललीच असेल, तर हिला परत द्यावं लागणार? मी तिला इतकं घट्ट धरलं, की ती जागी होऊन भोकाड पसरून रडायला लागली.

दुसऱ्या दिवशी हातमोजे चढवले (भांडी घासायचे, गुलाबी). नवऱ्याचा टूथब्रश, सासूबाईंच्या कंगव्यातले केस आणि लेकीचं चोखणं वेगवेगळ्या पिशव्यांत भरून फ्रिजमध्ये, भाजीच्या कप्प्यात, कोबीमागे दडवलं. मालिकेत पुरावे गारच ठेवतात. "ब्रश बेसिनमध्ये पडला, टाकून दिला," अशी नवऱ्याला थाप मारली. आता प्रयोगशाळेत जायचं तेवढं धाडस गोळा करायचं राहिलं होतं.

तेव्हापासून नवरा गप्प गप्प. एकदा पाहिलं, तर लेकीला कडेवर घेऊन आरशासमोर उभा. गालाला गाल लावून घटकेत तिच्याकडे बघतोय, घटकेत स्वतःकडे. म्हणजे ह्यालाही कानांचा संशय आला!

रविवारी न्हाऊन, डोक्याला टॉवेल गुंडाळून बाहेर आले, तर सासूबाई फ्रिजसमोर.

"अगं, कोबीमागे ब्रश कसला? आणि हे केस माझे की काय?"

"आई, राहू दे. मी परवाच बघितलंय ते," नवरा म्हणाला. मग माझ्याकडे न बघता, "ती मालिका मीही बघतो. नवऱ्याचा ब्रश पिशवीत गेला, की शेवटी तो बाप नसतो. मला नुसतं सांगितलं असतंस तरी..."

मला उमगायला अंमळ वेळच लागला.

"अरे देवा! तसं नाही रे! तू तिचा बाप नसलास, तर मीही तिची आई नाही!"

सासूबाईंनी फ्रिजचं दार लावलं.

"दवाखान्यात बदलली असेल, असं वाटलं मला!"

नवऱ्याने ब्रशची पिशवी उचलली. "म्हणजे ती तुझी आहे का, हे बघायचं होतं?"

"हो."

"मग माझा ब्रश कशाला? तुझा का नाही घेतलास?"

ह्याचं उत्तर पदवीच्या अभ्यासक्रमात नव्हतं. मालिकेत नवऱ्याचाच घेतात, म्हणून...

"पण तिचे कान!" मी रडतरडत म्हणाले. "ते कुणाचे, सांगा ना!"

सासूबाईंनी मला आरशासमोर नेलं. शाळा सुटल्यापासून मी कान शक्यतो केसांखालीच ठेवते. आज सगळे टॉवेलात होते. टॉवेलाखाली दोन बाजूंना दोन कान, कपाला असतो तसे.

"लग्नात अंबाडा घातलेलास, तेव्हाच दिसले होते मला," सासूबाई म्हणाल्या. "बोलले नाही, इतकंच."

नवरा हसला. "जाऊ दे गं," असंही म्हणाला. पण आरशासमोर गालाला गाल लावून उभा असलेला तो काही माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. मी त्याला नवा ब्रश आणला, त्याच्या आवडत्या निळ्या रंगाचा. त्याला तो फार आवडला.

रोज सकाळी दात घासतो, ब्रश धुतो, पुसतो आणि ऑफिसच्या बॅगेत घालून घेऊन जातो.