तपासणीला आलेली नवी विद्यार्थिनी

रडवेल्या मुलाला हसवणं हा माझ्या डाव्या हातचा मळ! विद्यापीठाच्या विद्यार्थी कल्याण विभागात माझे केस उगाच नाही पांढरे झाले. यंदा तर विभागाचं संचालकपद मलाच मिळणार होतं. फक्त वरच्या कार्यालयातून एक बाई माझं काम बघायला येणार होत्या. मी त्यांना मुद्दाम नव्या मुलांच्या स्वागताच्या दिवशी बोलावलं.

जुन्या मुलांना मी नीट पढवून ठेवलं होतं. "बॅग घेऊन भांबावलेलं कुणी दिसलं की हात धरून सभागृहात न्यायचं. फोन टोपलीत ठेवायला लावायचा, म्हणजे घरी रडगाणं नको. आणि 'मी इथला नाही, मला जाऊ द्या' म्हणणाऱ्याला तर मुळीच सोडायचं नाही. त्यालाच आपली जास्त गरज असते."

मग मी माझ्या खोलीत वाट बघत बसले. टेबल पुसलं, फुलदाणी इकडची तिकडे केली. बाईंचा पत्ता नाही, फोनही उचलेनात. तेवढ्यात नवऱ्याचा फोन. "आल्या का?"

"नाही अजून."

"मग रागावून परत गेल्या असतील."

धीर द्यावा तर या माणसानेच!

शेवटी फाटकावर गेले. तिथली स्वयंसेवक मुलगी खुशीत होती. "मॅडम, सकाळी एक फार हट्टी विद्यार्थिनी आली. म्हणे, मी तपासणीला आलेय."

"मग?"

"मी म्हटलं, ताई, पहिल्या दिवशी सगळ्यांनाच असं परकं परकं वाटतं. नेलं सभागृहात."

"वय काय असेल गं?"

"पन्नाशी. पण आपल्याकडे वयाची अट नाही ना?"

माझ्या पायाखालची जमीनच सरकली. धावत सभागृहात पोचले. आत संगीत खुर्ची रंगात आली होती. डोक्यावर कागदी टोपी घालून बाई एका खुर्चीवर ठाण मांडून बसल्या होत्या आणि समोरच्या दांडगट मुलाला म्हणत होत्या, "ढकललं कुठे? तूच हळू पळतोस."

मला बघताच म्हणाल्या, "फार छान विभाग आहे हो. पण ज्यांचं काम बघायला आले, त्या बाई सकाळपासून कुठे दिसल्याच नाहीत. त्यांच्यावाचून काही अडत नाही, मग संचालक हवाय कशाला?"

आता आली का पंचाईत! गप्प बसावं तर पद गेलं, बोलावं तर बाईंना डांबून ठेवल्याचं पाप माझ्या डोक्यावर. पण पद हातचं जाताना बघवेना.

"मीच ती. तुम्हाला धरून आणायचं या मुलांना मीच शिकवलं."

बाईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मी नोकरीही गेली असं समजून चालले होते. मग त्या इतक्या हसल्या की टोपी खाली पडली.

"तीस वर्षांत मला असं कुणी खेळायला घेतलं नव्हतं. जा, पद तुमचं."

आनंदाने मला भरून आलं. आभाराचे दोन शब्द बोलणार, तोच गाणं पुन्हा सुरू झालं. बाईंनी पर्स आणि चपला माझ्या हातात कोंबल्या आणि त्या धावल्या.

संचालक म्हणून संध्याकाळपर्यंत मी एवढंच काम केलं. चपला नीट सांभाळल्या.