रखमाजी पळत येतो तेव्हा

रखमाजीला मैल कळत नसत, त्याला भाकरी कळत. "चिंचवड? हे काय, चतकोर भाकर." "देहू? दीड भाकर आन् वर कांदा." पोटात किती भाकरी असल्या म्हणजे माणूस न थांबता तिथवर पळत जाईल, हे त्याचं माप. दिघीहून पिंपरीतला आमचा कारखाना एक भाकर लांब होता आणि ती एक भाकर तो रोज सकाळी पळत यायचा, वहाणा हातात धरून. पायात का घालत नाहीस, म्हणून मी एकदा विचारलं.

"झिजत्यात की!" तो म्हणाला.

मी त्या कारखान्याच्या भांडारात कारकून होतो आणि रखमाजी तिथलाच हमाल. अंगाने सडपातळ, म्हणजे बांबूला धोतर नेसवल्यासारखा. माझ्याबद्दल एवढंच सांगतो, की मी उठलो की खुर्चीही दोन पावलं माझ्याबरोबर यायची.

नोकरीला वर्ष झालं, कायम होण्याची वेळ आली आणि कारखान्याच्या डॉक्टरांनी माझ्या कार्डावर सही करायचं नाकारलं. "एकशे शहाण्णव पौंड!" ते म्हणाले. "तुम्हाला कायम केलं तर आमचा जिना कायम राहायचा नाही." मी गयावया केली. डॉक्टर मूळचे खेळाडू. त्यांना पाझर फुटला तोही मैदानी. "तीन महिन्यांनी कारखान्याचे खेळ आहेत. पाच मैलांची शर्यत पुरी करा. पहिले या म्हणत नाही, जिवंत या. सही करतो." आणि नाही जमलं तर? तर माझ्या खुर्चीत दुसरा कोणीतरी, बहुधा बारीक. घरी बायको, दोन मुली आणि चिंचवडात नुकत्याच भाड्याने घेतलेल्या दोन खोल्या. पळणं भाग होतं.

डॉक्टरांनी खाणं कमी करायलाही सांगितलं होतं. आता खाणं कमी करण्याची आमच्या घराण्याला एकच रीत ठाऊक: उपास. मी सोमवार, गुरुवार आणि शनिवार धरले. एकादशी, चतुर्थी होत्याच. त्या महिन्यात मी साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा कीस, वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी अशी काही श्रद्धेने खाल्ली, की पंचांग उघडताना बायकोचे हात कापू लागले. महिन्याअखेर रखमाजीने मला पोत्यांच्या काट्यावर उभं केलं. वजनं सरकवली, पुन्हा सरकवली.

"भाऊसायेब, तीन पौंड वाढलं."

"उपासाने?"

"द्येव पावला म्हना की!"

मग मी त्याचे पाय धरले. म्हणजे धरायला वाकलो, पोचलो नाही. त्याच दिवशी त्याने माझे उपास बंद केले. सकाळी एक भाकरी, संध्याकाळी अर्धी, सोबत पालेभाजी, आणि शिफ्ट सुटली की त्याच्यामागे पळायचं.

मेव्हण्याची खाकी अर्धी चड्डी घालून मी पहिल्यांदा गेटबाहेर पडलो तेव्हा पहारेकऱ्याने मला सलाम ठोकला आणि मग हसू आवरेना म्हणून तो चौकीत जाऊन बसला. रखमाजी पुढे, मी मागे. पहिल्या दिवशी मी तीन बाभळींपर्यंत पोचलो आणि चौथीला मिठी मारली.

"रखमाजी, छाती फुटेल रे माझी!"

"फुटायची आसती तर पयल्याच बाभळीला फुटती. पाय काय म्हंत्यात ते ऐकू नगा."

"पाय काही म्हणत नाहीत, पोट म्हणतंय."

"त्याचं तर मुळीच ऐकू नगा! इतकी वर्सं ऐकलं, काय झालं बगा."

त्याची एक खोड मात्र मला कळेना. सरळ रस्ता गावातून जात असला, की हा गाव दिसताच बांधावर वळायचा. मग काटे, ढेकळं, ओढे. लोक रस्त्याने आरामात जात असत आणि मी कुणाच्यातरी मेथीतून उड्या मारत, शिव्या खात जायचो. मला वाटायचं, हा मुद्दाम माझा घाम काढतोय.

एका संध्याकाळी भोसरीजवळ आलो आणि वाऱ्यावर कांदाभज्यांचा वास आला. दीड भाकरीवरच्या माणसाला तो वास काय करतो, ते शब्दांत सांगता येत नाही. रखमाजी सवयीप्रमाणे बांधाला वळला. मी सरळ गावात घुसलो. त्या दोन महिन्यांत मी तेवढा वेगात कधी पळालो नाही. मागून तो ओरडत आला, "भाऊसायेब, मागारी फिरा! गावात नगं!" मी कसला फिरतोय?

भज्यांच्या पालाशेजारी एक म्हातारी दारात धान्य पाखडत बसली होती. तिने मला पाहिलं, त्याचं काही नाही. मग माझ्यामागून येणाऱ्या रखमाजीला पाहिलं. हातातलं सूप खाली पडलं. ती उठायला गेली आणि तशीच मातीत बसली. आजूबाजूच्या बायका धावल्या. कोणीतरी म्हणालं, "तिचा ल्येक पलटनीत हाय." मी हातात गरम भजं धरून उभा.

रखमाजी तिच्यापुढे जवळजवळ लोळलाच. "आये, तसं काय न्हाई! तुज्या लेकाचं काय न्हाई! ह्यो भजी खायला आलाय गं, ह्याला धरायला मी आलो!"

म्हातारीला ते पटायला बराच वेळ लागला. पटल्यावर तिने पदराने तोंड पुसलं आणि माझ्याकडे वळली. "मुडद्या, भजी खायाला कुनी पळत येतं व्हय? भजी काय हिथनं उठून जात्यात?"

परतीच्या वाटेवर रखमाजी पहिल्यांदाच माझ्या शेजारून चालला. त्याच्या घराण्याकडे गावकीचं काम होतं. गावात मयत झालं, की ज्या ज्या गावी सोयरे असतील तिथे पळत जाऊन खबर द्यायची. आजाने दिली, बापाने दिली, यानेही दिली.

"ज्याच्या दारात पळत गेलो त्याच्या घरात रडं. कारखान्यात लागलो तवाच गावकी सोडली. पर लोकांच्या डोळ्यांस्नी कोन सांगनार?"

"मग पळू नकोस. चालत येत जा."

"चालायची सवय न्हाई, भाऊसायेब," तो म्हणाला.

त्यानंतर मेथीतून पळताना मी कुरकुरलो नाही. निदान तोंडाने नाही.

शर्यतीच्या दिवशी मी एकशे एक्याऐंशी पौंडांचा होतो. कारखान्याच्या गेटपासून पिंपळे गुरवच्या रस्त्याने जाऊन परत यायचं होतं. पहिला रखमाजी आला, शेवटचा मी; शर्यत आम्ही दोघांनी दोन्ही टोकांना धरून ठेवली. मी पोचलो तेव्हा बक्षीस समारंभ आटोपला होता आणि मांडववाले खुर्च्या उचलत होते. एक खुर्ची मात्र त्यांना उचलता आली नव्हती, कारण तिच्यावर डॉक्टर बसून होते. त्यांनी माझी नाडी पाहिली, घड्याळ पाहिलं, कार्ड मांडीवर ठेवलं आणि सही केली. मी जिथे होतो तिथेच मातीवर आडवा झालो. कायम.

रखमाजी माझ्या डोक्याशी येऊन उभा राहिला. बक्षिसाचा टॉवेल खांद्यावर, अंगठ्याने माती उकरतोय.

"भाऊसायेब, येक मागू?"

"माग की लेका! काय पाहिजे?"

"ही खबर तुमच्या घरी मी न्यू का?"

"अरे, आता मीच जाणार आहे घरी."

"तुमी दमलाय. तुमी पडा हितं." आणि नुकताच पाच मैल पळून आलेला तो माणूस पुन्हा पळत सुटला. या वेळी बांधाला न वळता, भर रस्त्याने.

मी लंगडत घरी पोचेपर्यंत अंधारून आलं होतं. आळीतला प्रत्येक माणूस दारात उभा राहून मला "अभिनंदन" म्हणत होता. बायको म्हणाली, "अहो, प्रत्येक दारात जाऊन सांगितलं त्याने! बसा म्हटलं तर बसेना. मी आपलं सहज म्हटलं, वन्संना किती आनंद होईल, पण त्या पडल्या तिकडे सांगवीला. तर निघालाच की हो!"

सांगवीची माझी थोरली बहीण चार दिवसांनी आली. त्या संध्याकाळी ती शेजारणींबरोबर मळ्यातून परतत होती. कोणीतरी ओळखलं, दिघीचा रखमाजी पळत येतोय. सगळ्याजणी जागच्या जागी थांबल्या. माझ्या शर्यतीचं तिच्या कानावर होतं. तिचं काळीज कुठे गेलं असेल, ते तिलाच ठाऊक. पण तो लांबूनच दोन्ही हात वर करून ओरडत होता, "रडू नगा! कुनी गेलं न्हाई! चांगलं हाय, समदं चांगलं हाय!"

"तरी मला रडू आलंच," अक्का म्हणाली.

"आता कशाला?"

"खबर सांगून झाली तरी तो जाईना रे. धापा टाकत, हसत उभाच राहिला. मग हळूच विचारतो कसा, 'आक्का, आजून कुनी हाय का तुमचं, सांगायचं ऱ्हायलेलं?'"