आठ कोर की चतकोर?

वावाउ बेटांवरचा पहिला, शेवटचा आणि त्याच्या मते मधलाही गुप्तहेर म्हणजे फिनाउ. नजर घारीची, कान वटवाघळाचे आणि नाक डुकराचं, हे वर्णन त्याचं त्यानेच केलेलं. नाकापुरतं ते गावालाही मान्य होतं. गेल्या वर्षी त्याने पाद्रीबाबांची हरवलेली छत्री शोधून काढली. ती त्याच्याच घरात होती, पण तेवढ्याने शोध काही लहान होत नाही, असं तो सांगे.

त्याचा मदतनीस म्हणजे बायकोचा भाऊ लोपेती. मेहुणा असल्यामुळे त्याला पगार नव्हता आणि नोकरी सोडायची सोयही नव्हती. त्या दिवशी मात्र लोपेती स्वतःच अशील होता, कारण त्याची डुकरीण पणाला लागली होती.

झालं होतं असं, की ऑकलंडला राहणारा पौलियासी सुट्टीवर येताना एक जुना कॉम्प्युटर घेऊन आला आणि सेलू आत्याने तो बघताक्षणी ठेवून घेतला. बदल्यात काय द्यायचं, तर भाच्याचं, म्हणजे लोपेतीचं डुक्कर. आत्याने काही मागितलं की भाच्याने एवढंच विचारायचं असतं, 'कुठे आणून ठेवू?' पौलियासीच्या म्हणण्यानुसार यंत्राच्या डोक्यात आठ कोर होते. कोर म्हणजे आतले मजूर. जितके जास्त, तितकं यंत्र चपळ. आठ निघाले तर मोठी डुकरीण, चारच निघाले तर शेपूटतुटकं पिल्लू, असं ठरलं.

डुकरिणीचं नाव लुपे, म्हणजे कबूतर. नाव ठेवलं तेव्हा ती कुशीत मावायची. आता पाऊस आला की ती लोपेतीच्या दारात आडवी होई आणि लोपेती खिडकीतून आत जाई. त्यावरून दोघांत कधी शब्दाला शब्द लागला नव्हता. पौलियासी दुपारच्या बोटीने राजधानीला निघाला होता. तिथे त्याच्या चुलतभावाचं लग्न होतं आणि लग्नात लुपेची भूमिका जेवणापुरती होती.

"घाबरू नकोस," फिनाउ म्हणाला. "प्रकरण माझ्या हातात आहे."

"म्हणून तर घाबरलोय, दाजी."

बेटावर मानाच्या प्रसंगी कमरेला चटई नेसतात; फिनाउने मयताला जाताना नेसायची सगळ्यात मोठी बांधली. यंत्राला वचक बसायला हवा होता. आत्या यंत्रावर पत्ते खेळत होती आणि जावयासाठी ती काही उठली नाही, त्यामुळे तपास मागच्या बाजूने सुरू झाला.

मागे आठ स्क्रू होते. एका कोरामागे एक स्क्रू, असा सिद्धांत फिनाउने मांडला. तेवढ्यात एक स्क्रू फिनाउच्या हातात आला. "सात," तो म्हणाला. "एक फितूर झालाय."

झाकण उघडल्यावर आत दोन पंखे दिसले. या उकाड्यात एका पंख्याखाली दोनच मजूर सुखाने झोपू शकतात, तिसरा कुरकुर करतो. म्हणजे कोर चार. लोपेतीला हायसं वाटणार, तोच शंकेची पाल चुकचुकली आणि मग यंत्रातून बाहेरही आली.

"पाच," फिनाउने दुरुस्ती केली.

पुढे चिकटवलेल्या लेबलवरही पाचाचा आकडा होता, त्यामुळे पालीचा पुरावा पक्का झाला. पण मजूर नेहमी जोडीने असतात, तेव्हा मुळात सहा असणार आणि एक चोरीला गेला असणार. त्याने पौलियासीला कोपऱ्यात गाठलं आणि सहावा कोर कुठे लपवलास, असं विचारलं.

"मी आठ म्हणतोय," पौलियासी म्हणाला.

"म्हणजे तीन लपवलेस."

बोटीचा भोंगा वाजला. पौलियासी बाहेर जाऊन अंगणात पिल्लाशेजारी बांधलेल्या लुपेची दोरी सोडू लागला. लुपेने लोपेतीकडे पाहिलं. लोपेतीने फिनाउकडे पाहिलं.

"दाजी, आकडा सांगा."

"आकडे सगळे माझ्याकडे आहेत," फिनाउ म्हणाला. "त्यातला कुठला, एवढंच ठरायचंय."

या ओढाताणीत आत्याचा डाव अडकला. पुटपुटत तिने तीन बोटांनी तीन कळा एकदम दाबल्या आणि पडद्यावर रेघारेघांचं एक पान उघडलं. "मेलं अडकलं की मी हेच करते," ती म्हणाली. "आणि जावईबापू, तुमचे कोर ना? इथे खाली लिहिलेत. चार. आठवडाभर बघतेय."

"आत्या, मग बोलली का नाहीस?"

"मला कुणी विचारलं?"

पौलियासी दोरीसकट आत धावला. दोरीमुळे लुपेही आली. खालची ओळही वाच, असा त्याने धोशा लावला. खालच्या ओळीत खरंच आठ होते. प्रत्येक कोर दोघांचं काम करतो, म्हणून प्रत्यक्षात चार असले तरी हिशेबात आठ, असं त्याने समजावलं.

"चतकोर देऊन अख्खी सांगतोस?" फिनाउ गरजला. चतकोर म्हणजे चार कोर धरले, तर त्या दिवसातलं त्याचं बरोबर निघालेलं वाक्य तेवढंच.

आत्याने नवा डाव मांडला. "प्रत्यक्षात चार, हिशेबात आठ. पटलं मला. मग प्रत्यक्षात पिल्लू घेऊन जा. हिशेबात लुपे तुझीच."

आत्यापुढे बोलायची पद्धत नाही. पौलियासी पिल्लू काखेत मारून बोटीकडे पळाला. फिनाउने झाकण लावलं, उरलेला फितूर स्क्रू खिशात घातला आणि चार आपण आधीच म्हणालो होतो, पालीने घोळ घातला, असं गावभर सांगायला निघाला.

संध्याकाळी पाऊस आला. पौलियासीची लुपे लोपेतीच्या दारात आडवी झाली आणि लोपेती खिडकीतून आत गेला.