दोनशेव्या शब्दाचे वाक्य

यादीतले एकशे नव्याण्णव शब्द पोर्तुगीजमध्ये उतरले होते. एकच अडून बसला होता: ‘स्प्रिंग’. सोफे बनवणाऱ्या कंपनीने नुसते सुटे इंग्रजी शब्द पाठवले होते, आणि पाचच्या आत यादी पोचली नाही तर काम दुसऱ्याकडे जाणार होते. भाषांतर करणाऱ्या सुनेचे हे पहिलेच मोठे काम.

“बाबा, गादीतली स्प्रिंग असेल तर ‘मोला’, वसंत ऋतू असेल तर ‘प्रिमावेरा’. यादीत खिळे आहेत, तसे कापडाचे रंगही आहेत. लिहू काय? यादी करणारा रजेवर आहे आणि तिथला कारकून म्हणतो, शब्द एक आहे ना, मग अर्थही एकच द्या!”

सासऱ्यांनी चाळीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवले होते. त्यांनी तिचा फोन घेऊन कारकुनाला लावला. “बाळ, त्या शब्दाचा वाक्यात उपयोग करून पाठव बघू.”

दहा मिनिटांत वाक्य आले: ‘मला स्प्रिंग आवडते.’

“उरकून टाकलंय,” म्हणत सासऱ्यांनी उत्तर धाडले: ‘दहापैकी दोन. पुन्हा लिहा.’

कारकुनाला ते लागले. त्याने शेजारच्या टेबलाला विचारले, त्या टेबलाने गोदामाला. ‘स्प्रिंग आली की फुले येतात’ला सहा मिळाले, ‘स्प्रिंग तुटली की माणूस पडतो’ला सात. मग सहावाली सातवाल्याशी भांडली.

पाचला दहा मिनिटे असताना मालकांचाच फोन आला. “दुपारपासून माझ्या ऑफिसात एकही माणूस काम करत नाहीये! सगळे वाक्यं करत बसलेत!”

सुनेला वाटले, गेले काम.

“मग तुम्हीही करा एक,” सासरे शांतपणे म्हणाले.

पलीकडे कागद पुढे ओढल्याचा आवाज आला. मग हळूच, “वाक्य खरं पाहिजे का, सर?”

“शुद्ध पाहिजे.”

“आमच्या सोफ्याची स्प्रिंग दहा वर्षं टिकते.”

“शाब्बास! नऊ गुण.”

सुनेने घाईघाईने ‘मोला’ लिहिले आणि यादी पाठवून दिली. पाचला तीन मिनिटे कमी होती.

“नऊच का, सर?” मालक अजून फोनवरच होते.

“उरलेला एक दहा वर्षांनी.”

पुढच्या आठवड्यात नवी यादी आली, चारशे शब्दांची. प्रत्येक शब्दापुढे वाक्य, शब्दाखाली रेघ, डावीकडे समास. शेवटी लिहिले होते, ‘सरांनी तपासून द्यावे.’

“बाबा, द्या ना ती यादी. मला भाषांतर करायचंय.”

“थांब गं,” लाल पेनाचे टोपण काढत सासरे म्हणाले, “तपासल्याशिवाय मी वही कुणाला देत नसतो.”