स्वर्गवासी फोटोवाला

"उद्या लग्नाला चाळीस वर्षं होतील," पावाचे गोळे भट्टीत सारत ओतिलिया म्हणाली, "आणि भिंतीवर अजून गॅसवाल्याचंच कॅलेंडर आहे."

क्लोदोमिरोने चहाच्या कपात तोंड घातलं. त्या कॅलेंडरच्या जागी लावायला एक फोटो द्यायचं त्याने कबूल केलं होतं, त्याला तीन वर्षं झाली होती. एल्कीच्या खोऱ्यात, गावापासून वर, खाणीच्या रस्त्यालगत ओतिलियाच्या वडिलांचं बकऱ्यांचं दगडी वाडगं होतं. तिचा जन्म तिथला. गुडघे गेल्यापासून नवऱ्याच्या मोटरसायकलवर बसणं तिला जमेना, आणि अकरा वर्षांत तिने ते वाडगं पाहिलं नव्हतं. "लहानपणी मी त्या भिंतीवर उताणी पडून तारे फिरताना बघायची," असं ती एकदा बोलून गेली होती. पोस्टातून निवृत्त झालेल्या क्लोदोमिरोला तेवढं पुरे झालं. त्याने जुना फिल्मचा कॅमेरा बाहेर काढला आणि तारे फिरताना पकडून आणायचं मनावर घेतलं.

काम तसं सोपं होतं. कॅमेरा वाडग्याकडे तोंड करून ठेवायचा आणि रात्रभर शटर उघडं सोडायचं. तारे आपापली वर्तुळं स्वतःच काढतात. फक्त एका रात्रीत एकच फोटो, आणि तोही लग्नाच्या वाढदिवसाजवळच्या अमावास्येला. पहिल्या वर्षी कुणाच्या तरी बकऱ्यांनी कॅमेरा स्टँडसकट आडवा केला. दुसऱ्या वर्षी भिंगावर दव बसलं. तिसऱ्या वर्षी वारा सुटला आणि प्रत्येक तारा दारू प्यायल्यासारखा चालला.

"या वेळी सगळा बंदोबस्त केलाय," तो म्हणाला.

"बंदोबस्त कर नाहीतर काही कर. दहाच्या आत घरी ये. मागच्या खोकल्याला दीड महिना लागला होता. शटर उघडं राहायचंय, तू नाही."

बंदोबस्त खरंच चोख होता. बकऱ्या आणि वारा यांच्यापासून कॅमेरा वाचवायला त्याने पत्र्याचं छोटं घर केलं होतं. उतरतं छप्पर, पुढची बाजू उघडी. अंधारात ट्रकवाल्यांना दिसावं म्हणून त्याला पांढरा रंग दिला होता. स्टँड हलू नये म्हणून त्याला पाण्याने भरलेली दोन लिटरची बाटली लटकवली. आणि दव बसू नये म्हणून कॅमेऱ्याच्या मागे, डब्यात आडोसा करून, एक जाड मेणबत्ती लावली. रात्री साडेआठला शटर उघडून, ते अडकवून, तो स्वतःवर खूश होत घरी आला. दहाला पाच मिनिटं कमी होती.

पहाटे साडेपाचला तो मोटरसायकलवरून वळण घेऊन वर पोचला आणि त्याने करकचून ब्रेक दाबला. पत्र्याच्या घराभोवती तेवीस मेणबत्त्या जळत होत्या. पाण्याच्या बाटल्यांची रांग लागली होती. प्लॅस्टिकची फुलं होती, जपमाळ होती, एक खेळण्यातला ट्रकही होता.

आता कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. रस्त्यावर कुणी अपघातात गेलं की त्या जागी त्याच्या जिवासाठी असंच छोटं पांढरं घर बांधतात. आनिमिता म्हणतात त्याला. जाणारा-येणारा थांबतो, मेणबत्ती लावतो, पाणी ठेवतो, नवस बोलतो. क्लोदोमिरोने जन्मभर अशा शेकडो घरांपुढे टोपी काढली होती. पण स्वतःच्या हाताने घर बांधलं, पाणी टांगलं, मेणबत्ती लावली, तरी त्याला त्यात फक्त दव आणि वारा दिसले होते.

"गेला फोटो," तो पुटपुटला. एवढा उजेड समोर असताना कसले तारे! त्याने शटर मिटलं आणि निदान कॅमेरा तरी घेऊन जावं म्हणून हात आत घातला.

"ओ काका! हात बाहेर!"

मागे ट्रकला टेकून एक आडदांड ड्रायव्हर सोपाइपियाची तळलेली पुरी खात उभा होता. वाल्दो त्याचं नाव. तेलकट बोटं पँटला पुसत तो पुढे आला.

"मेलेल्याच्या वस्तूला हात लावता? लाज नाही वाटत?"

"अहो, माझा कॅमेरा आहे हा."

"सगळे चोर असंच म्हणतात. बिचाऱ्या फोटोवाल्याचा आहे तो."

"कुठल्या फोटोवाल्याचा?"

"इथे गेला ना तो! वर आकाशाकडे बघत बघत रस्त्यात आला. खाणीचा ट्रक होता. जागच्या जागी." वाल्दोने छातीवर क्रूस काढला. "माणूस फार चांगला होता म्हणतात."

"कोण म्हणतं?" क्लोदोमिरोला जरा बरं वाटलं होतं, ते काही त्याला लपवता आलं नाही.

"सगळेच. आणि जागृत किती! रात्री मी उतरणीवर होतो. मेणबत्ती दिसली, म्हणून नमस्काराला थांबलो. सहज खाली वाकतो तर ब्रेकची नळी फाटलेली! न थांबता गेलो असतो तर आज मी दरीत असतो. रेडिओवरून सगळ्या गाड्यांना कळवलं मी. प्रत्येक जण थांबून गेला."

मेलेला माणूस मीच, आणि मी मेलेलो नाही, हे सांगायला त्याने दोनदा तोंड उघडलं. पण ज्याच्या जिवावर वाल्दो जिवंत होता, त्याला असं खोटं पाडायचं त्याच्या जिवावर आलं. दोघेही थंडीत कुडकुडत कॅमेऱ्यावर पहारा देत बसले.

इकडे गावात ब्रिखिदाने ओतिलियाचं दार ठोठावलं होतं. ब्रिखिदा बकरीचं चीज घेऊन पहाटेच हमरस्त्यावर विकायला बसते, आणि बातमी तिच्याकडे ट्रकच्याही आधी पोचते.

"ओतिलिया, मन घट्ट कर. तुझ्या बाबांच्या वाडग्यापाशी फोटोवाला गेला. आनिमितासुद्धा उभी राहिली!"

ओतिलियाने मागे पाहिलं. पलंग रिकामा होता. पुढे तिला गुडघे आठवले नाहीत. झोपायच्या कपड्यांवर पोंचो चढवून ती चीजच्या व्हॅनमध्ये चढून बसली आणि अख्खा रस्ताभर देवाशी भांडत आली.

व्हॅन थांबली तेव्हा उजाडायला लागलं होतं. ओतिलिया काठी टेकत उतरली. तिने आधी पांढरं घर पाहिलं, मग बाजूला नाक पुसत बसलेला नवरा पाहिला. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, आणि लगोलग काठी वर गेली.

"म्हाताऱ्या! मेल्या! जिवंत आहेस?"

"म्हातारे, ऐक तरी. फोटो..."

"बाई," वाल्दो अदबीने मध्ये पडला, "तुम्ही मयताच्या ओळखीच्या का?"

ओतिलियाने एकदा घराकडे पाहिलं, एकदा कॅमेऱ्याकडे, आणि एकदा नवऱ्याच्या केविलवाण्या तोंडाकडे. सगळा प्रकार तिच्या ध्यानात यायला एवढं पुरलं.

"चाळीस वर्षांची ओळख," ती म्हणाली. "मी त्याची बायको."

वाल्दोने टोपी काढली. कॅमेरा दोन्ही हातांनी बाहेर काढला, बाहीने पुसला आणि तिच्या हातात दिला. "मोठा जीव होता बाई तुमचा नवरा. आणि हे काका?"

"हे होय? हे माझं सामान उचलतात."

वाल्दो निघून गेला. ओतिलिया हळूहळू वाडग्यापर्यंत चालत गेली आणि भिंतीवर बसली. तिने एका दगडावर हात ठेवला, मग दुसऱ्यावर. पलीकडे डोंगराचा माथा गुलाबी झाला होता.

"फोटो बिघडला," क्लोदोमिरो म्हणाला. "चौथ्यांदा."

"ब्रिखिदाची व्हॅन पाऊण तासात येते इथे," ती म्हणाली. "पाऊण तास! आणि तू तीन वर्षं फोटो काढतोयस."

"तू कधी म्हणाली नाहीस, मला ने म्हणून."

"तू तरी कधी विचारलंस?"

तो तिच्या शेजारी जाऊन बसला. तिने पोंचोची एक बाजू उचलून त्याच्या खांद्यावर टाकली.

फोटो धुऊन आला, तेव्हा दोघांनी तो खिडकीशी धरून पाहिला. वर तारे गोल गोल फिरले होते. एरवी जे काळंभोर आलं असतं, त्या वाडग्याचा दगड न् दगड मेणबत्त्यांच्या उजेडात दिसत होता. एका कोपऱ्यात गुडघे टेकलेल्या वाल्दोचा धूसर ढिगाराही होता. गॅसवाल्याचं कॅलेंडर त्याच दिवशी खाली उतरलं.

ते पांढरं घर मात्र पाडता आलं नाही, ट्रकवाले पाडू देईनात. एक नोव्हेंबरला, सगळे आपापल्या गेलेल्यांना भेटायला जातात त्या दिवशी, ओतिलिया व्हॅनने संध्याकाळीच वर गेली. गाडीत तिच्या शेजारी क्लोदोमिरो होता, मांडीवर कॅमेरा घेऊन. अंधार पडल्यावर तो भिंतीपलीकडे शटर उघडून बसला. इकडे ओतिलियाने मेणबत्ती लावली आणि डोळे मिटून ओठ हलवले. वाल्दो शेजारीच उभा होता.

"काय मागितलंत बाई? मागा बिनधास्त. ऐकतो तो."

"रात्री दहाच्या आत घरी येत जा म्हटलं," ओतिलिया जरा मोठ्यानेच म्हणाली.

भिंतीपलीकडे शटर मिटल्याचा बारीक आवाज आला, आणि मग बराच वेळ पिशवीत सामान भरल्याची खुडबुड.