टेबल क्रमांक सात

"माणूस बघायचा नाही, काम बघायचं!" मास्तरांनी टेबलावर डस्टर आपटला आणि पहिल्या रांगेतले चौघे खोकले. "खुर्चीत बसलेला गोड बोलतो की खेकसतो, आपल्याला काही घेणंदेणं नाही. नाव विचारायचं नाही. हुद्दा तर मुळीच विचारायचा नाही. समोर बसायचं, तो काय काम करतो ते टिपायचं, गुण द्यायचे आणि त्या पदाची श्रेणी काढायची. कळलं?"

बाराही प्रशिक्षणार्थींनी माना डोलावल्या. कळलं नसतं तरी डोलावल्या असत्या, कारण मास्तर एकदा पुन्हा समजावायला लागले की चहाची वेळ टळून जायची.

मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत हं. कुठल्या सरकारी पदावर किती अवघड काम आहे आणि म्हणून ते पद कुठल्या श्रेणीत बसतं, हे ठरवायला शिकवणारे ते मनुष्यबळ विभागाचे प्रशिक्षक. तेही हंगामी. त्याआधी अकरा वर्षं त्यांनी तळघरातल्या जुन्या कागदांच्या खोलीत काढली होती. तिथं खिडकी नव्हती, ओल होती आणि मास्तरांना बारा महिने शिंका होत्या. आज चार वाजता संचालक मॅडम स्वतः वर्गात बसणार होत्या. त्यांना शिकवणं पसंत पडलं तर मास्तर कायम, नाहीतर पुन्हा तळघर.

प्रात्यक्षिक सोपं होतं. चार-चार जणांचे तीन गट, प्रत्येक गटाने दोन वाजेपर्यंत एका टेबलाचं काम बघायचं. कुठली तीन टेबलं, हे कार्यालयाच्या अधीक्षकांनी ठरवायचं होतं. "मी बघतो हो, तुम्ही निश्चिंत राहा," असं ते म्हणाले आणि मास्तर खरंच निश्चिंत राहिले. तिथंच घोड्याने पेंड खाल्ली.

साडेदहाला दारात सासूबाई उभ्या.

"आई, तुम्ही? गुडघ्याच्या डॉक्टरांची वेळ साडेपाचची आहे!"

"मग? उशिरा पोचू का?"

"सात तास आधी आलात!"

"घरात बसून काय भिंती मोजू? लेक कामावर, तुम्ही इथं. म्हटलं, जावईबापूंचं ऑफिस तरी बघावं."

आता सासूबाईंना परत जा कोण सांगणार? मास्तरांनी इकडंतिकडं पाहिलं. अर्ज घेण्याच्या खोलीत एक खुर्ची रिकामी होती, कारण तिथला मिशीवाला कारकून सकाळीच दाढ काढायला गेला होता. मास्तरांनी त्यांना तिथं बसवलं. "आई, फक्त बसा हं. कशाला हात लावू नका."

"मी कशाला कशाला हात लावतेय?" असं म्हणत सासूबाईंनी समोरचा विस्कटलेला गठ्ठा सरळ करायला घेतला. ते बघायला मास्तर थांबले नाहीत. त्यांना भाषणाची टिपणं काढायची होती.

चारच्या ठोक्याला मॅडम आल्या. मागच्या बाकावर उपसंचालक, अधीक्षक असे सगळे ओळीने बसले. पहिल्या गटाने भांडारपालाचं पद बरोबर श्रेणीत असल्याचं सांगितलं. दुसऱ्याने टंकलेखकाचं. मॅडमनी जांभई दाबली आणि मास्तरांना तळघर दिसू लागलं. मग तिसऱ्या गटाची म्होरकी उठली. जाड चष्म्याची, मास्तरांचा शब्दन्‌शब्द उतरवून घेणारी मुलगी.

"टेबल क्रमांक सात, अर्ज स्वीकारणे. कागदोपत्री श्रेणी चार. आमच्या मते हे साफ चूक आहे."

मॅडम सावरून बसल्या. मास्तरही. आपलीच विद्यार्थिनी ती!

"पावणेअकराला टेबलापुढं एकतीस माणसं उभी होती. पदधारकाने आधी सगळ्यांना बसायला लावलं. बाक पुरेनात, तेव्हा उपसंचालकांच्या दालनातल्या खुर्च्या आणवल्या."

"कुणाकडून आणवल्या?" मॅडमनी विचारलं.

"उपसंचालकांकडूनच."

मागच्या बाकावर कुणीतरी घसा खाकरला. मास्तरांना मात्र कौतुकच वाटलं. दाढ काढून आल्या आल्या कामाला लागला, कारकून असावा तर असा!

"मग एकेक अर्ज वाचला. अकरा जणांचं काम इथलं नव्हतंच, त्यांना बरोबर मजल्यावर धाडलं. दोघं एकमेकांविरुद्ध तक्रार घेऊन आले होते. त्यांना सांगितलं, 'हे अर्जाचं भांडण नाही, घरचं आहे, जिन्यात जाऊन मिटवा.' ते गेले, अर्ध्या तासाने हसत आले आणि अर्ज फाडून गेले. दीड वाजता टेबलापुढं एकही माणूस नव्हता."

"एकही?" मॅडमचा विश्वासच बसेना. "हे कुठल्या नियमाने केलं?"

"तेच आम्ही विचारलं, मॅडम. उत्तर आलं, 'नियम कसले डोंबलाचे! डोळे उघडे ठेवले की दिसतं.' ते आम्ही स्वतंत्र निर्णयक्षमतेत धरलं. पंचवीसपैकी चोवीस."

डोंबलाचे? मास्तरांच्या हातातला खडू मोडला. हे उत्तर ते गेला आठवडाभर घरात रोज दोन वेळा ऐकत होते. मिशीवाल्या कारकुनाच्या तोंडी ते कसं आलं?

"एक गुण का कापलात?"

"आम्हालाच दोनदा उठवून मागं बसवलं म्हणून. वरिष्ठांशी संपर्क, पैकीच्या पैकी. उपसंचालकांना सांगितलं की पोटावर तिसरं बटण नाही, लोकांपुढं असं येऊ नये. त्यांनी ऐकलं."

उपसंचालकांनी फाईल पोटाशी धरली. बटणांवर एवढी करडी नजर असलेली एकच व्यक्ती मास्तरांना माहीत होती.

"एकूण गुणांनुसार, मॅडम, या पदाची श्रेणी नऊ."

वर्गात कुजबुज झाली. खात्यात दहाच श्रेण्या. दहावर संचालक, नऊवर उपसंचालक. खुद्द मास्तर आठवर.

"बावीस वर्षं मी असं एक टेबल शोधतेय," मॅडम म्हणाल्या आणि मास्तर हो-नाही म्हणायच्या आत त्यांनी अहवालावर लिहिलं, 'मान्य. आजपासून अंमल व्हावा.' खाली झोकात सही ठोकली. "बोलवा त्यांना. मला भेटायचंय."

"मॅडम, राहू द्या ना," मास्तर घाईघाईने म्हणाले. "गुडघा दुखतो त्यांचा."

"तुम्हाला काय माहीत?"

तेवढ्यात दार उघडलं आणि गुडघा सांभाळत सासूबाई आत आल्या. "जावईबापू, साडेचार झाले. निघायचं ना? तिथलं सगळं आवरलंय मी."

उपसंचालकांनी फाईल आणखी घट्ट धरली.

"बाई," मॅडमनी सावकाश विचारलं, "तुम्ही सात नंबरच्या टेबलावर कधीपासून आहात?"

"आज सकाळपासून. ह्यांनीच बसवलं."

संपलं सगळं! मास्तरांना रडू यायचंच बाकी होतं. पण भित्रे असले तरी ते खोटारडे नव्हते. ते उभे राहिले. "मॅडम, या माझ्या सासूबाई. त्यांची कुठंच नेमणूक नाही. कारकून दाढ काढायला गेला, मी यांना तिथं बसवलं आणि टेबलांची यादी तपासली नाही. चूक माझी आहे. मी उद्यापासून तळघरात जातो."

"पण सर," चष्मेवाली कळवळून म्हणाली, "तुम्हीच सांगितलंत ना, माणूस बघायचा नाही! आम्ही नाव नाही विचारलं, हुद्दा नाही विचारला. काम तर झालंय. त्याच टेबलावर झालंय."

मॅडमनी अहवालाकडं पाहिलं. मग आपल्या सहीकडं पाहिलं. ती खोडायची तर खाली कारण लिहावं लागलं असतं.

"मुलगी बरोबर बोलतेय," त्या शेवटी म्हणाल्या. "मी सही केलीय ती कामावर केलीय, माणसावर नाही. आणि मास्तर, तुमचे विद्यार्थी तुम्ही शिकवलंत तस्से वागले. शिकवण्यात खोट काढायला जागा नाही. तुम्ही कायम."

कायम! खिडकीची खोली! मास्तरांनी सासूबाईंना वाकून नमस्कार करायचाच काय तो बाकी ठेवला होता.

"राहता राहिलं टेबल सात," मॅडम पुढं म्हणाल्या. "आता ते नवव्या श्रेणीचं. चारचा कारकून तिथं बसवता येणार नाही. नऊचा माणूस मिळेपर्यंत त्याच्या खालच्या श्रेणीकडं अतिरिक्त कार्यभार द्यावा लागेल. आठवर कोण आहे?"

सगळा वर्ग मास्तरांकडं बघू लागला.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता मास्तर टेबलावर हजर. समोर चाळीस-बेचाळीस माणसं, कारण कालच्या एकतीस जणांनी गावभर सांगितलं होतं. पहिल्या आजोबांनी अर्ज पुढं केला आणि मग मागं घेतला.

"कालच्या बाई कुठायत?"

"आज मी आहे. द्या इकडं."

आजोबांनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "नको. मी थांबतो." ते जाऊन बाकावर बसले. मागचा माणूसही बसला. बघता बघता सगळेच बसले आणि मास्तरांकडं टकमक बघू लागले.

पावणेअकराला मास्तरांनी बाहेर येऊन घरी फोन लावला. "आई, गुडघा कसाय?"

"बराय. काय झालं ते सरळ सांगा."

मास्तरांनी सांगितलं.

"लोक उभे नाहीत ना?"

"नाही, बसलेत."

"मग येते. पण तुम्ही बाजूला स्टुलावर बसायचं आणि मधेमधे बोलायचं नाही."

"बरं," असं म्हणून खात्याचे कायम प्रशिक्षक स्टूल शोधायला गेले.